रंगरावांची काळी गोळी

नारायण पेठेत, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या जिन्याखाली रंगरावांचं दुकान आहे. दुकान म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. आत दोन माणसं बसली की तिसऱ्याने दारात उभं राहून बोलायचं, आणि ते फार वेळ बोलू नये अशी रंगरावांची मनापासून इच्छा असते. कारण उभा राहिलेला माणूस इकडेतिकडे बघतो, आणि बघणारी माणसं रंगरावांना कधीच आवडली नाहीत.

धंदा इलेक्ट्रिक गिटारच्या पोटातल्या वायरींचा. अशा गिटारच्या तारा छेडल्या की खाली बसवलेलं पिकअप नावाचं चुंबक त्यांची थरथर पकडतं. ती थरथर वायरींमधून दोन-तीन बटणांपर्यंत जाते आणि तिथून बाहेर स्पीकरला. एक बटण आवाज लहान-मोठा करतं. दुसरं टोनचं. ते फिरवलं की आवाजातली धार कमी होते, म्हणजे खरं सांगायचं तर आवाजावर गोधडी टाकल्यासारखं होतं. जगभर टोनचं बटण एवढंच करतं. रंगरावांनी बसवलेलं बटण फिरवलं की मात्र गिटारचं नाकात बोलणं थांबायचं आणि ती गळ्यातून गायला लागायची. जुनी सिनेमाची गाणी वाजवणारे ऑर्केस्ट्रावाले त्या आवाजासाठी नगरहून, सोलापूरहून यायचे आणि जिन्याखाली वाकून बसायचे.

हे कसं होतं ते फक्त रंगरावांना ठाऊक. जुन्या ट्रान्झिस्टरमधला बोराएवढा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, त्याच्या कॉइलचे काही वेढे उलगडायचे, त्याला ठरावीक मापाचे कंडेन्सर जोडायचे. वेढे किती आणि माप कुठलं, ते सगळं डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. कंडेन्सरवर छापलेले आकडे ते आधी पॉलिश पेपरने घासून टाकत, आणि जोडणी झाली की वरून काळा रंग कालवलेलं ॲराल्डाइट ओतत. सुकलं की आवळ्याएवढी काळी कुळकुळीत गोळी तयार. बाहेर आलेल्या फक्त दोन वायरी. वाजवणारे तिला 'रंगरावांची गोळी' म्हणत.

एवढ्यावर थांबले तर ते रंगराव कसले? गोळी कुणी फोडलीच तर? म्हणून आत ते तीन खोटे कंडेन्सरही घालत. नुसते बसवलेले, आवाजाशी काही देणंघेणं नसलेले, आणि दर गोळीत निराळे. केसासारखी बारीक कॉइलची तार अशा बेताने वर ठेवत, की कुणी खरवडायला गेलं तर पहिली तीच तुटावी. चोराने घाम गाळावा आणि त्याच्या हाती कचरा लागावा, या विचाराने त्यांना दुपारची झोप छान लागायची.

माणूस आपोआप असा होत नाही. रंगराव सतराव्या वर्षी लोणी काळभोरहून पुण्यात आले ते दत्तोबांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. दत्तोबा हात राखून शिकवणारे. अवघड काम निघालं की रंगरावांना विडी आणायला पाठवायचे. रंगराव जायचे आणि मागच्या खिडकीला डोळा लावून उभे राहायचे. चार वर्षांत दत्तोबांची सगळी विद्या त्यांनी त्या खिडकीतून उचलली. त्याची लाज तर नव्हतीच, उलट अभिमान होता. ज्याला कामाची खरी भूक आहे तो बघणारच, असं त्यांचं ठाम मत. आता फक्त खिडकीच्या आतल्या बाजूला ते स्वतः बसले होते, आणि तिथून सगळं जग चोरांनी भरलेलं दिसत होतं.

अशा माणसाकडे तनुजा शिकायला आली. यवतमाळची, तिशी ओलांडलेली, इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन चाकणच्या एका कारखान्यात सात वर्षं मोजमापं करत बसलेली. तिला तिथला कंटाळा आला होता आणि गिटारचं वेड होतं. रंगरावांना तेव्हाच खटकलं. डिग्रीवाली बाई, एसीतली नोकरी सोडून या खुराड्यात कशाला येईल? पण त्यांची नजर आता अधू झाली होती, बारीक सोल्डरिंगला हात हवा होता. त्यांनी तिला ठेवून घेतलं आणि पहिल्याच दिवशी नियम सांगितला.

"सगळं विचारायचं. गोळीचं विचारायचं नाही. मी गोळी करायला बसलो की बाहेर पायरीवर जाऊन बसायचं. बघायचं नाही."

"बरं काका," ती म्हणाली.

आणि खरोखरच ती बसायची. तीन वर्षांत त्यांनी वीसेक गोळ्या केल्या असतील, प्रत्येक वेळी ती आपली पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून. रंगराव मधूनच मान वर करून बघायचे. पाठ दिसायची. मग त्यांना त्या पाठीचाच संशय यायला लागला. इतकं निमूट कोण ऐकतं? ज्याला हवंय तो निदान चुळबूळ तरी करेल. ही चुळबूळही करत नाही, याचा अर्थ हिची काहीतरी दुसरी सोय आहे. मोबाइल टेबलावर ठेवून जाते, तो चालू ठेवून तर जात नसेल? त्यांनी एकदा तिचा मोबाइल डब्याखाली उपडा घातला. तिने आल्यावर उचलून पुसला आणि खिशात टाकला. एक शब्द बोलली नाही. हेही त्यांनी मनात टिपून ठेवलं.

तशात एके दिवशी शुभंकर नावाचा एक आयटीतला मुलगा गिटार घेऊन आला. "काका, तुमची गोळी खरखर करतेय."

रंगरावांनी गिटारच्या पोटावरचा पत्रा उघडला. आत काळी गोळी होती. पण त्यांची नव्हती. आपलं काम माणूस आंधळा झाला तरी ओळखेल.

"ही कुणी बसवली?"

"बाणेरला एक आहे. तो म्हणाला सेम टू सेम रंगरावांची मेथड. मला वाटलं तुमचीच ब्रँच असेल."

"आमची ब्रँच! आणि त्याला ही मेथड कुणी दिली?"

"आय डोन्ट नो काका. असेल कुणी आतलं."

बिचारा सहज बोलून गेला. पण 'आतलं' म्हणजे जिन्याखाली एकच माणूस होतं, आणि ते त्या वेळी कोपऱ्यात बसून वायरीची टोकं सोलत होतं. रंगरावांनी त्या गिटारला हातही लावला नाही. "ज्याने बसवली त्याच्याकडे जा," म्हणून शुभंकरला वाटेला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सापळा लावला.

एका कागदावर त्यांनी मनाचे आकडे लिहिले, वर 'गोळी' असं ठळक लिहून खाली रेघ ओढली, आणि तो खालच्या खणात ठेवला. खण बंद करून फटीवर एक काळा दोरा डिंकाने चिकटवला. तीन दिवस दोरा जागेवर. चौथ्या दिवशी बाहेरचं काम उरकून परत आले तर दोरा तुटलेला. कागद आत होता, पण तेवढ्याने काय होतंय? कागद वाचायचा असतो, न्यायचा नसतो.

खरं तर विचारायचं होतं. एवढा एक प्रश्न, 'खण तू उघडलास का?' पण रंगरावांना उत्तराची गरज वाटली नाही. तिच्यासमोर उभे राहून ते म्हणाले, "तनुजाताई."

तीन वर्षं ते तिला 'अगं ए' म्हणत होते. तिने चमकून वर बघितलं.

"आपण फार हुशार आहात. आमच्या जिन्याखाली आपली हुशारी उगाच वाया जातेय. उद्यापासून आपण आला नाहीत तरी चालेल."

"काका, काय झालं? माझं काही चुकलं का?"

"छे छे. चुका आमच्यासारख्या अडाण्यांच्या होतात. आपलं सगळं मोजूनमापून."

 तिने स्वतःचं सोल्डरिंग आयर्न गुंडाळून पिशवीत घातलं आणि ती गेली. भांडली नाही. निरपराध माणूस भांडला असता, असं रंगरावांनी घरी वेणूबाईंना ठणकावून सांगितलं. वेणूबाई भाजी निवडत होत्या. "भांडणाऱ्याला तुम्ही लई सोडता," एवढंच त्या म्हणाल्या.

हा झाला मार्च. श्रावणात एका सकाळी दाढी करताना रंगरावांच्या हातातून ब्रश गळला. मेंदूत रक्ताची बारीक गुठळी, वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. पंधरा दिवसांत ते चालायला लागले, बोलायला लागले, दवाखान्याच्या चहाला नावं ठेवायला लागले. सगळे म्हणाले, थोडक्यात वाचले.

काय गेलं ते फक्त त्यांना कळलं. आकडे गेले. बाकी सगळं जागच्या जागी, माणसं, रस्ते, गाणी, हाताची सफाई. पण स्वतःचा फोन नंबर आठवेना. घराचा नंबर आठवेना. लग्नाचं साल वेणूबाईंनी सांगितलं ते ऐकलं आणि दाराबाहेर पडेपर्यंत पुसलं गेलं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कदाचित. रंगरावांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. घरी येऊन ते एकटे दुकानात गेले, डोळे मिटून बसले आणि गोळीचे आकडे आठवायला लागले. किती वेढे? कुठलं माप? तिथे काहीच नव्हतं, घासलेल्या कंडेन्सरसारखं कोरं.

त्यानंतर कुणी गोळी मागायला आलं की ते म्हणत, "सध्या माल नाही." जुने ट्रान्झिस्टर मिळत नाहीत, हल्लीच्या तारेत दम नाही, अशी कारणं देत. लोक हळहळून परत जात. रंगराव त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे संशयाने बघत. याला कळलं तर नसेल ना?

नोव्हेंबरात इंद्रजीत आला. हे त्यांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक, तीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारं. रंगरावांनी केलेली पहिली गोळी त्याच्याच गिटारमध्ये होती. खरं तर ती गोळी ऐकूनच पुण्याला रंगराव माहीत झाले. हडपसरच्या एका कार्यक्रमात कुणाच्या तरी पायात वायर अडकली, गिटार स्टँडवरून तोंडावर आपटली, आणि तेव्हापासून टोनचं बटण मुकं.

"रंगराव, रविवारी कार्यक्रम आहे. तुमच्या गोळीशिवाय मी नुसता खाजवल्यासारखा वाजतो."

रंगराव म्हणणार होते, माल नाही. पण इंद्रजीतसमोर ते चाललं नसतं. याला बाहेर सगळे विचारतात. हा एकदा म्हणाला की रंगरावांना आता येत नाही, की संपलं. तीस वर्षांचं नाव एका आठवड्यात पुसलं जाईल, आणि उरेल तो जिन्याखाली वायरी जोडणारा एक म्हातारा. पोटापाण्याची चिंता नव्हती, मुलगी कमावती होती. पण ते नाव नसतं तर आपण कोण, हे रंगरावांना खरोखरच माहीत नव्हतं.

"शनिवारी ने," ते म्हणाले.

"नक्की ना?" इंद्रजीतने विचारलं. त्याने साधंच विचारलं होतं. रंगरावांना त्यात दहा अर्थ दिसले.

दार लावून त्यांनी गोळी फोडायला घेतली. दुसरा मार्गच नव्हता. हेअर ड्रायरने गरम करायची, मऊ झालेलं ॲराल्डाइट सुईने कणाकणाने काढायचं. पहिल्याच तासाला कॉइलची तार तुटली. तुटणारच होती. त्यांनीच तशी ठेवली होती. दुपारपर्यंत ती चार ठिकाणी तुटून भुगा झाली, आता तिचे वेढे देवालाही मोजता आले नसते. संध्याकाळी टेबलावर सहा कंडेन्सर होते, सहाही घासून कोरे केलेले. मीटरवर त्यांची मापं निघाली. पण त्यातले तीन खरे, तीन खोटे. खरे कुठले?

कोण कुठला चोर या सहा तुकड्यांपुढे डोकं धरून बसावा, असा बेत त्यांनी तीस वर्षांपूर्वी केला होता. बेत चोख उतरला होता. डोकं धरून ते स्वतः बसले होते.

बुधवार, गुरुवार त्यांनी कानाने शोधलं. नवी कॉइल घेतली, अंदाजाने वेढे उलगडले, हे तीन जोडून बघ, ते तीन जोडून बघ. वाईट याचं, की कान शाबूत होता. तो आवाज डोक्यात स्वच्छ ऐकू येत होता, त्यामुळे हा तो नव्हे, हेही दर वेळी स्वच्छ कळत होतं. पहिल्यांदा तो सापडायला त्यांना अकरा वर्षं लागली होती. आता शनिवारपर्यंत दोन दिवस होते.

शुक्रवारी सकाळी चहा समोर निवत असताना त्यांच्या मनात एकदम उजेड पडला. तनुजा! तनुजाने चोरलं होतं की! तिच्याकडे असणारच. सगळे आकडे, खरे-खोटे, वेढ्यांसकट. मोजमापं करणारी बाई, तिने वहीत नीट रकाने आखून ठेवले असतील. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना तिची आठवण येऊन बरं वाटलं.

ते शर्ट चढवायला लागले. "कुठं निघालात?" वेणूबाईंनी विचारलं.

"तनुजाकडे. तिने नेलेलं परत आणायला."

"काय नेलंय तिनं?"

"काय म्हणजे? खण उघडला होता तिने. दोरा लावला होता मी, तुटलेला सापडला."

वेणूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "काळा दोरा व्हय? तो मीच तोडला की. तुमचा डबा द्यायला आले होते, पिशवीचा बंद सुटला म्हणून सुईदोरा शोधत होते. सगळे खण उघडले मी."

रंगराव गुंडी लावता लावता थांबले. मार्चमध्ये हे ऐकलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं कोण जाणे. आत्ता त्यांना राग आला. ही बाई मध्येच काय सांगत बसलीये!

"तू उघडलास म्हणून तिने उघडला नाही असं होत नाही," ते म्हणाले. "आधी तिने बघितलं असेल."

"आधी दोरा होता ना?"

"तुला यातलं कळत नाही," म्हणून त्यांनी चपला पायात घातल्या आणि जिना उतरले.

तनुजाने सदाशिव पेठेत स्वतःचं काम थाटल्याचं गिऱ्हाइकांकडून त्यांच्या कानावर आलं होतं. नारायण पेठेतून तिथे जायला वेळ तो किती लागतो. पण तेवढ्यात त्यांनी सगळे पुरावे पुन्हा एकदा मांडले. मोबाइल टेबलावर ठेवून जायची, बरोबर. निमूट बसायची, बरोबर. बाणेरवाल्याला मेथड कळली, ती काय हवेतून? आणि तीन वर्षं! तीन वर्षं शेजारी बसून न बघणारा कारागीर जन्माला यायचाय. त्यांनी स्वतः दत्तोबांचं बघितलं नव्हतं का? ती पक्की चोर आहे, ते स्वतःला बजावत होते, आणि एका स्कूटरवाल्याने "आजोबा, बाजूला" म्हटलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण देवाला हात जोडावेत तसे हात धरून चाललो आहोत.

तनुजाने एका दातांच्या दवाखान्यावर खोली घेतली होती. दार उघडंच होतं. आत मोठं टेबल, खिडकीतून ऊन, टेबलावर पोट उघडलेली गिटार. रंगरावांना दारात बघून ती उठून उभी राहिली.

"काका! या ना. तब्येत कशी आहे? मी दवाखान्यात आले होते, पण कुणाला आत सोडत नव्हते."

हे त्यांना माहीत नव्हतं. वेणूबाईंनी सांगितलं असेलही, त्यांनी ऐकून घेतलं नसेल. ते खुर्चीवर बसले. त्यांची नजर गिटारच्या पोटात गेली. पत्र्याच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला होता, त्यावर सगळ्या जोडणीचं चित्र, प्रत्येक वायरीचा रंग, प्रत्येक माप, सुवाच्य अक्षरात.

"हे काय?"

"मी केलेल्या प्रत्येक कामात लावते. उद्या दुसऱ्या कुणी गिटार उघडली तर त्याला शोधत बसायला नको."

"म्हणजे कुणीही येऊन वाचावं?"

"हो, कुणीही."

हे ऐकून एरवी रंगरावांचा दिवस नासला असता. आज त्यांचा जीव भांड्यात पडला. जी सगळ्याची मापं लिहून ठेवते, तिने त्यांचीही ठेवलीच असतील. त्यांनी खिशातून पुडी काढली आणि सहा कंडेन्सर आणि तारेचा भुगा टेबलावर ओतला.

"इंद्रजीतची गोळी," ते म्हणाले. "गेली. उद्या त्याला द्यायची आहे."

तनुजा वाकून बघत राहिली. हात लावला नाही. "तुम्ही नवी करा ना."

"हो, करणारच आहे." ते खाकरले. "हे बघ, मी काही भांडायला आलेलो नाही. झालं ते झालं. घेतलं असशील तर घेतलंस. मी पोलिसात जात नाही, कुणाला सांगत नाही. तुझ्याकडेच ठेव ती वही. मला फक्त एकदा दाखव."

"कुठली वही?"

"अगं, गोळीची."

 खाली दवाखान्यात दात कोरायचं यंत्र चालू झालं आणि बंद झालं. मग तिने हळूच विचारलं, "काका, तुम्हाला आठवत नाही?"

आजारानंतर हे कुणी विचारलं नव्हतं.  "आकडे गेले," ते म्हणाले. "बाकी सगळं आहे. नुसते आकडे गेले. तू सांग. तू सांगितलंस की मला ओळखू येतील."

"मला माहीत नाहीत काका. मी कधी बघितलंच नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही. तुम्ही नको म्हणाला होतात."

"खोटं नको बोलूस!" ते जवळजवळ ओरडले. "आता कशाला खोटं बोलतेस? मी रागावणार नाही. तीन वर्षं तू माझ्या शेजारी होतीस. मी दत्तोबांचं खिडकीतून बघितलं होतं. चार वर्षं बघत होतो. कामाची भूक असलेला माणूस बघतोच. तूही बघितलं असशील. मोबाइलमध्ये असेल, नीट शोध. बाणेरवाल्याला तूच दिलंस ना? मग त्याच्याकडे तरी असेल."

"ती बाणेरची गोळी तुम्ही फोडून बघितली होतीत का?"

रंगरावांनी टेबलावरचा तारेचा भुगा बोटाने गोळा केला.

"शुभंकर नंतर माझ्याकडे आला. मी फोडली. आत एक साधा कंडेन्सर होता, आणि वजनासाठी खडा. त्याने वरचा काळा रंग तेवढा तुमच्यासारखा केला होता." ती म्हणाली. "एका प्रश्नाचं काम होतं काका. तेव्हा विचारलं असतंत तर मी तिथेच फोडून दाखवली असती."

रंगरावांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तीस-पस्तीस वर्षं ते माणसांच्या चेहऱ्यांवर लबाडी शोधत आले होते, ती कुठे कुठे लपते ते त्यांना ठाऊक होतं. सगळ्या जागा त्यांनी तपासल्या, हावरटासारख्या तपासल्या. कुठेच नव्हती.

"बघायला हवं होतंस गं," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. "एकदा तरी बघायचंस."

"मला बघायचं नव्हतं असं वाटतं तुम्हाला?" तनुजाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पायरीवर बसून रस्त्यावरच्या स्कूटर मोजायचे मी, मान वळू नये म्हणून. मला वाटायचं, एक दिवस काका स्वतः म्हणतील, ये आत, आता बघ. त्या दिवसासाठी बसले मी तीन वर्षं. मग तुम्ही मला 'आपण' म्हणालात. त्यानंतर आठ महिने मी एकाच गोष्टीची वाट बघतेय, की तुम्ही याल आणि एवढंच म्हणाल, तनुजा, तू घेतलं नव्हतंस. आज आलात. मला वाटलं त्यासाठीच आलात. आणि मागताय काय, तर चोरीचा माल."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. टेबलावरच्या सहा तुकड्यांवर ऊन आलं होतं, सहाही एकसारखे दिसत होते. त्यातले खरे कुठले ते आता जगात कुणालाच माहीत नव्हतं. रंगरावांनी तुकड्यांवरून नजर उचलली आणि ते वाक्य म्हटलं.

"तू घेतलं नव्हतंस."

शब्द तेच होते, तिला हवे होते तेच. पण सगळं घर जळाल्यावर माणूस जसा बोलतो तशा आवाजात ते म्हटले गेले होते, आणि तो आवाज खिडकीशी उभ्या असलेल्या तनुजाला नीट ऐकू आला.